जुन्या बुलेटचे न दिसणारे दुखणे : हेडमधला सैल गाईड

गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. आलापल्लीहून एक रस्ता भामरागडकडे जातो, तर दुसरा सुमारे शंभर किलोमीटरवरच्या सिरोंच्याकडे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी वर्षानुवर्षे वाचायला मिळते. अशा वाटेवर जुनी बुलेट बंद पडली तर ती ढकलत न्यावी असे गॅरेज जवळपास सापडेलच, याची खात्री नसते. म्हणूनच शहरात केवळ कटकटीचा वाटणारा एक दोष येथे गंभीर ठरतो. तो म्हणजे इंजिनाच्या हेडमध्ये सैल झालेला व्हॉल्व्ह गाईड.

जुन्या दुचाक्यांपैकी सर्वांनाच हा आजार होत नाही. जावा, येझदी किंवा राजदूत १७५ ही टू-स्ट्रोक इंजिने. त्यांच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नसतात. बुलेट मात्र फोर-स्ट्रोक आहे. १९५५ मध्ये एन्फिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथे बुलेट तयार होऊ लागली. लष्कराने आणि पोलिसांनी तिला देशभर पोहोचवले. ३५० सीसीच्या या जुन्या इंजिनाचा सिलिंडर बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असे. २०१०च्या सुमारास नव्या रचनेच्या इंजिनाने त्याची जागा घेतली. आज ही जुनी हेडे जपूनच वापरावी लागतात.

हेडमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येते, दुसऱ्यातून जळालेला वायू बाहेर पडतो. प्रत्येक व्हॉल्व्हची दांडी एका छोट्या नळीतून वर-खाली सरकते. ही नळी म्हणजे गाईड. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १,५०० वेळा, म्हणजे तासाला ९०,००० वेळा उघडतो. रॉकर त्याला सरळ खाली दाबतो तसा थोडा बाजूलाही रेटतो. तो रेटा गाईड सोसतो. शिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तप्त माथ्यावरची उष्णता मुख्यतः व्हॉल्व्हच्या बैठकीतून आणि उरलेली बरीचशी दांडीवाटे गाईडमधून हेडमध्ये जाते.

येथे दोन दोषांची गल्लत होते. गाईडच्या आतली बाजू झिजली तर व्हॉल्व्ह डुगडुगतो. गाईड बदलला की काम भागते. मात्र गाईडच हेडमधल्या आपल्या छिद्रात सैल झाला, तर दुखणे गाईडचे नसून छिद्राचे असते. अशा वेळी त्याच मापाचा नवा गाईड ठोकून बसवणे म्हणजे रोग ठेवून मलमपट्टी करणे होय.

गाईड सैल का होतो, हे साध्या हिशेबाने समजते. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने प्रसरण पावते. समजा, छिद्र १५ मिलिमीटरचे आहे आणि हेडचे तापमान १५० अंशांनी वाढले. छिद्र सुमारे ०.०५२ मिलिमीटरने मोठे होईल, तर बिडाचा गाईड केवळ ०.०२५ मिलिमीटरने फुगेल. दोहोंतला फरक ०.०२७ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. म्हणूनच गाईड मुळात छिद्रापेक्षा किंचित जाड करून घट्ट बसवलेला असतो. ही घट्ट पकड वारंवार तापण्या-थंडावण्याने किंवा पूर्वीच्या ठोकाठोकीने कमी झाली, की गाईड थंड असताना पक्का आणि तापल्यावर सैल होतो. टेबलावरच्या थंड हेडमध्ये गाईड हलला नाही म्हणून तो निर्दोष ठरत नाही. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७-४८ अंशांपर्यंत चढतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची सुटका तेव्हा आणखीच कठीण होते.

लक्षणे हळूहळू दिसतात. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला, की निळसर धूर येतो; कारण गाईडच्या कडेने ऑइल आत शिरते. इंजिन तापल्यावर टॅपेटचा आवाज वाढतो, कॉम्प्रेशन कमी लागते, किक सहज खाली जाते. व्हॉल्व्ह बैठकीवर नीट न टेकल्याने त्याची कड जळते. शेवटची पायरी सर्वांत वाईट. गाईड खाली सरकतो, व्हॉल्व्ह अडकतो, त्याचा माथा तुटून सिलिंडरमध्ये पडतो आणि पिस्टन फुटतो.

यावर झटपट उपाय पुष्कळ सांगितले जातात. गाईडवर पंचाने खळगे पाडून तो फुगवणे, भोवती पातळ पत्रा गुंडाळणे, चिकट द्रव्य लावणे, हे त्यांपैकी काही. गाडी सुरू होते, म्हणून उपाय यशस्वी वाटतो. प्रत्यक्षात खळग्यांच्या टोकांवर टेकलेला गाईड मऊ ॲल्युमिनियमला ओरखडत राहतो, उष्णता नीट वाहून नेत नाही आणि छिद्र वाकडे-तिकडे मोठे करतो. गाईड नवा करता येतो. छिद्राभोवतीचा धातू मात्र परत येत नाही.

योग्य पद्धत वेळखाऊ असली, तरी गूढ नाही. जुना गाईड काढण्यापूर्वी त्यावरचा कार्बन खरवडावा, नाहीतर तो निघताना छिद्र ओरबाडतो. नंतर छिद्र मोजून, व्हॉल्व्हच्या बैठकीशी एकरेषेत ठेवून, लागेल तेवढेच रीम करून गोल करावे. त्या नव्या मापापेक्षा सुमारे ०.०४ मिलिमीटर जाड असा गाईड लेथवर तयार करावा. फॉस्फर ब्राँझ यासाठी चांगले. त्याचे प्रसरण बीड आणि ॲल्युमिनियम यांच्या मधले असल्याने तापल्यावरही पकड टिकते. हेड भट्टीत सर्व बाजूंनी सारखे, सुमारे १८० अंशांपर्यंत तापवावे. गॅसची ज्योत एकाच जागी धरल्यास हेड वाकते. गाईड बर्फात किंवा फ्रीजरमध्ये ठेवावा. छिद्र फुगलेले आणि गाईड आकसलेला असताना तो थोड्याशा दाबाने आत जातो.

येथे काम संपत नाही. गाईडची आतली बाजू पुन्हा रीम करून दांडीला योग्य मोकळीक द्यावी लागते. गाईडचा मध्य किंचित सरकलेला असतो, म्हणून बैठक नव्याने कापून व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवावा लागतो. शेवटी प्लग लावून हेडच्या पोकळीत रॉकेल भरावे. पोर्टमध्ये ओल दिसली नाही, तर व्हॉल्व्ह बरोबर टेकला.

कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि बल्लारपूरचा कागद कारखाना यांमुळे चंद्रपूर परिसराला लेथ आणि बोअरिंगची कामे अपरिचित नाहीत. प्रश्न उरतो तो काय सांगायचे याचा. जंगलात फिरणाऱ्या जुन्या बुलेटच्या मालकाने हेड सोपवताना तीन गोष्टी विचाराव्यात : छिद्राचे माप घेतले का, गाईड त्या मापाने बनवला का, आणि बैठक पुन्हा कापली का. तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील, तर पाऊस सुरू होण्यापूर्वी काम करून घ्यावे. पंचाचे खळगे पाडून भागेल, असे कोणी सांगितले तर हेड परत घेऊन दुसरे दुकान शोधावे. त्यासाठी नागपूर गाठावे लागले, तरी ते अंतर आलापल्ली-भामरागड रस्त्यावर अडकून पडण्यापेक्षा परवडते.