बंदुकीचा कायदा कोणाच्या हाती?

गोळीबाराची बातमी आली की वसई-विरारमध्ये बंदुकांविरुद्ध कडक कायद्याची मागणी आमदारांकडे होते. विधिमंडळाला मात्र असा कायदा करता येत नाही. शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. त्यावर कायदा करते ती संसद. सध्याचा शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे, त्याखालचे नियम २०१६ चे.

म्हणजे राज्याला काहीच करता येत नाही, हा दुसरा गैरसमज, आणि तो पहिल्याहून घातक. परवाना देणे, नाकारणे, निलंबित किंवा रद्द करणे ही सारी कामे प्रामुख्याने राज्याचीच यंत्रणा करते. या अधिनियमाच्या व्याख्येनुसार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत जिल्हा दंडाधिकारी म्हणजे पोलीस आयुक्तच. मिरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले, तेव्हापासून वसईतले हे अधिकार आयुक्तांकडे आहेत. पालघर जिल्ह्याच्या उरलेल्या भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. विनापरवाना शस्त्राचा खटला भरायलाही कलम ३९ नुसार याच अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. ती रखडली की खटलाही रखडतो. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्यास मनाई करणारे आदेश तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली, म्हणजे राज्याच्याच कायद्याने निघतात. तेव्हा आमदारांकडे धरायचा आग्रह हा: किती परवान्यांची फेरतपासणी झाली, किती मंजुऱ्या अडल्या, किती खटल्यांत शिक्षा झाली, याचा हिशेब दर वर्षी सभागृहात मांडला जावा.

बंदूक बाळगणे हा हक्क आहे, असेही अनेकांना वाटते. अमेरिकेच्या राज्यघटनेत तशी तरतूद आहे, भारताच्या नाही.

गावठी कट्टा सापडला तर थोडक्यात सुटका होते, हा समजही जुना झाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीसाठी किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. त्याच दुरुस्तीने परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. लग्नाच्या वरातीत निष्काळजीपणे हवेत गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

धोका फक्त गावठी कट्ट्यांचा, हेही खरे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यासाठी वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते, आणि परवान्याचे. परवाना व्यक्तीला असतो. ते शस्त्र दुसऱ्याच्या हाती जाणार नाही याची जबाबदारीही परवानाधारकाचीच. सरकारी शस्त्राला तर परवान्याचे नियमच लागू नाहीत. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे पालघर जिल्ह्यातून धावणाऱ्या जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये चौघांचा जीव गेला, तो रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला कर्तव्यासाठी दिलेल्या रायफलीने. अशा शस्त्रांबाबत परवान्याची छाननी उपयोगी पडत नाही; तिथे शस्त्र हाती देण्यापूर्वी जवानाच्या मानसिक आरोग्याची तपासणी लागते, आणि ती जबाबदारी त्या त्या दलाची आहे.