नरगुंदचे बाबासाहेब

दिवाळी आली की आमच्या अंगणात मुले मातीचा किल्ला करतात. कधी रायगड होतो, कधी सिंहगड, कधी प्रतापगड. नरगुंद मात्र कुणी करीत नाही. हा किल्ला आहे तरी कुठे, हे माझ्या वर्गातल्या मुलांनाही सांगता येत नाही.

आज कर्नाटकातील गदग जिल्ह्यात असलेल्या या गावी भावे घराण्याचे मराठी संस्थान होते. १७८५ साली टिपूने किल्ला घेतला, पुढे तो भाव्यांकडे परत आला. या घराण्याचे शेवटचे अधिपती भास्करराव उर्फ बाबासाहेब. १८४२ साली ते गादीवर आले. तलवारीपेक्षा त्यांचा जीव ग्रंथांत अधिक. त्यांच्या संग्रही तीन-चार हजार संस्कृत ग्रंथ जपून ठेवलेले होते, असे सांगतात. असा माणूस बंडाला का उठावा?

बाबासाहेबांना मूल नव्हते. दत्तक घेण्याची परवानगी त्यांनी मागितली. कंपनी सरकारने ती नाकारली. दत्तक म्हणजे केवळ जहागिरीचा वारस नव्हे. पितरांना पाणी देणारा आणि देवघरात दिवा लावणारा हात म्हणजे दत्तक! तोच नाकारला गेला. त्यातच १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनचा वरवंटा दक्षिण महाराष्ट्रावर फिरू लागला होता आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सनदा तपासल्या जात होत्या. त्या कामात पुढे असलेला मॅन्सन नावाचा अधिकारी पुढे या भागाचा पोलिटिकल एजंट झाला. १८५७ च्या वणव्यानंतर शस्त्रे काढून घेण्याचे हुकूम सुटले, तेव्हा बाबासाहेबांचा संयम संपला.

२९ मे १८५८ च्या रात्री सुरेबान गावी मॅन्सनचा मुक्काम होता. तो झोपेत असताना बाबासाहेबांच्या माणसांनी छापा घातला. मॅन्सनने पिस्तूल झाडले, पण तो मारला गेला. त्याचे शिर नरगुंदच्या वेशीवर टांगण्यात आले. निजलेल्या माणसावरचा हा घाला वाचताना मन कचरते. त्याला शौर्य म्हणवत नाही. पण त्यामागची जळजळ खोटी होती, असेही म्हणवत नाही.

सूड तात्काळ आला. १ जूनला माल्कमची फौज नरगुंदवर चालून आली आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. पंढरीच्या यात्रेकरूंच्या वेषात निघालेल्या बाबासाहेबांना तोरगलच्या रानात सूटर या पोलीस अधिकाऱ्याने पकडले. १२ जूनला बेळगावात त्यांना फाशी झाली. त्यांच्या आईने आणि पत्नीने मलप्रभेत देह टाकला. ज्या घराला वारस नाकारला होता, ते घरच पंधरा दिवसांत नाहीसे झाले.

आणि दैवाचा खेळ पाहा! त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राणीचा जाहीरनामा निघाला. संस्थानिकांचे हक्क व मान राखण्याचे अभिवचन त्यात होते. १८६२ मध्ये तर संस्थानिकांना दत्तकाच्या सनदाच वाटण्यात आल्या. बाबासाहेबांनी अर्ज करून जे मागितले होते, तेच सरकारने पुढे आपण होऊन दिले. मागणारा मात्र उरला नव्हता. त्यांच्या सावत्र भावाचे रामदुर्ग संस्थान १९४८ पर्यंत टिकले. नरगुंद १८५८ मध्येच खालसा झाले.

यंदा मुलांनी कोणता किल्ला करायचा म्हणून विचारले, तर मी त्यांना नरगुंद सांगणार आहे. मावळे मांडून झाले की एका बुरुजाच्या सावलीत पोथी उघडून बसलेला एक माणूसही त्यांनी ठेवावा.