बर्थखालची बॅटरी

इन्व्हर्टरच्या बॅटरीत अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर भरणे हे आपल्याकडील कित्येक घरांतले ठरलेले काम आहे. मात्र आधीचे पाणी गेले कुठे, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्यातले काही वाफ होऊन उडते. बाकीचे विजेमुळे विघटित होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन या वायूंच्या रूपाने खोलीत येते. एक लिटर पाण्याचे असे पूर्ण विघटन झाले, तर सुमारे १२५० लिटर हायड्रोजन तयार होतो. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, उघड्या खिडकीजवळ, महिनोन्महिने हळूहळू सुटणारा हा वायू हवेत विरून जातो. परंतु हीच बॅटरी एखाद्या वाहनात, झोपलेल्या मुलांच्या बर्थखाली, बंद कप्प्यात ठेवली की सारा हिशेब बदलतो.

हा विषय आता केवळ परदेशातल्या हौशी प्रवाशांचा राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मांजरीसारख्या उपनगरातून सोलापूर रस्त्याला लागले की शंभर किलोमीटरच्या आतबाहेर भिगवण येते. हिवाळ्यात उजनीच्या पाणलोटावर उतरणारे रोहित पक्षी पाहण्यासाठी एक रात्र गाडीतच मुक्काम करावा, असे अनेक कुटुंबांना वाटते. मुक्काम म्हटला की पंखा, दिवे, लहानसा फ्रिज आणि मोबाइल आलेच. गाडीच्या मूळ बॅटरीवर हा भार पेलत नाही, म्हणून एक-दोन जादा बॅटऱ्या बसवल्या जातात. जागा अर्थातच अपुरी. मग त्या बर्थखाली जातात.

धोका किती, ते आकड्यांतच पाहू. हवेत हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एखादी ठिणगीही पुरते. बारा व्होल्टची साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरल्यावरही तिच्यात तीन अँपिअर प्रवाह जात राहिला आणि तो सगळा वायू निर्माण करण्यात खर्ची पडला, तर तासाभरात सुमारे आठ लिटर हायड्रोजन सुटतो. बर्थखालचा कप्पा दोनशे लिटरचा आणि पूर्ण बंद असेल, तर आठ लिटर म्हणजे नेमके चार टक्के. याचा अर्थ प्रत्येक कप्पा तासाभरात पेट घेतो असा नव्हे. पण वायुवीजन ही चैन नव्हे, हे कळायला एवढे पुरे.

हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पटींनी हलका आहे. म्हणून बॅटरीची पेटी राहत्या जागेपासून हवाबंद असावी, बाहेरची हवा तिच्या तळाशी आत यावी आणि माथ्यावरून निघालेली नळी सतत चढत गाडीबाहेर जावी. नळीला मध्ये खोलगट वळण नको. तिथे पाणी साचते आणि वाट बंद होते. पंखा लावायचाच असेल तर तो आत येणाऱ्या हवेच्या तोंडाशी लावावा, बाहेर जाणाऱ्या वायूच्या वाटेत नव्हे. फ्यूज, रिले, चार्जर आणि इन्व्हर्टर पेटीच्या बाहेरच हवेत, कारण ठिणगी तिथेच उडू शकते.

स्वयंपाकाच्या सिलिंडरचे शास्त्र याच्या अगदी उलट आहे. तो गॅस हवेहून जड असल्याने खाली साचतो. त्याच्या कप्प्याला भोक तळाशी हवे. त्यामुळे सिलिंडर आणि बॅटरी एकाच कप्प्यात ठेवणे ही काटकसर नव्हे, बेफिकिरी होय.

‘सीलबंद’ किंवा ‘मेंटेनन्स-फ्री’ या शब्दांनी निर्धास्त होऊ नये. अशा बॅटऱ्यांतही झडप असते; जादा चार्ज झाल्यास ती उघडते आणि वायू बाहेर पडतोच. लिथियम फॉस्फेटची बॅटरी नेहमीच्या वापरात वायू सोडत नाही, पण बिघडून तापली तर तिच्यातून विषारी व ज्वलनशील धूर निघतो. तिला तिच्यासाठीच बनवलेला चार्जर द्यावा.

उन्हाळ्यात अधिक जपावे. बॅटरी तापली की त्याच व्होल्टेजला ती अधिक वायू सोडते, आणि उन्हात उभी असलेली बंद गाडी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. तापमान ओळखून व्होल्टेज कमी करणारा चार्जर थोडा महाग पडतो. तो खर्च मला रास्त वाटतो.

हायड्रोजनला वास नसतो. सडक्या अंड्यांसारखा वास आला, तर तो जादा चार्ज झालेल्या किंवा मरणपंथाला लागलेल्या बॅटरीतून सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा असू शकतो. आधी सर्वांना बाहेर काढावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेरच्या पुरवठ्यावर चार्जिंग चालू असेल तर ते बाहेरूनच बंद करावे आणि बॅटरीजवळचे कोणतेही बटण दाबू नये. थोड्या वेळाने वास येईनासा झाला, म्हणून परतू नये. हा वायू नाकाची संवेदनाच बधिर करतो. बॅटरीतले आम्ल डोळ्यांत उडाल्यास किमान पंधरा ते वीस मिनिटे स्वच्छ पाण्याच्या धारेने डोळा धुवावा आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. खाण्याचा सोडा फरशीवर सांडलेल्या आम्लावर टाकावा, डोळ्यात कधीही नव्हे.

कॅरव्हॅन भाड्याने घेताना मालकाला बर्थ उचलून दाखवायला सांगावे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली आहे का, नळी खरोखर बाहेर निघते का, हे पाहण्यास दोन मिनिटे लागतात. स्वतःची गाडी असेल, तर पावसाळ्यानंतरच्या पहिल्या सहलीपूर्वी नळीचे बाहेरचे तोंड अवश्य तपासावे. कुंभारीण माशीला अशी भोके फार आवडतात आणि ती त्यांत मातीचे घर बांधते. तोंडाला बारीक जाळी बसवावी, आणि ती जाळीही अधूनमधून ब्रशने साफ करावी.