कंसातलं नाव

वडिलोपार्जित घर-जमिनीचा मालक शोधताना बहुतेक जण उताऱ्यावरचं आजचं नाव पाहून थांबतात. खरा इतिहास कंसात असतो. सातबारावर कमी झालेल्या नावाला कंस केलेला असतो, शेजारी फेरफार क्रमांक. तो धरून फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा, उघडली की नाव वारसाने बदललं, वाटपाने की खरेदीने, ते कळतं. असं एकेक पिढी मागे जाता येतं. घर गावठाणात असेल तर सहसा सातबारा नसतो. तिथे मिळकत पत्रिका पाहावी. ग्रामपंचायतीचा नमुना आठ मुळात घरपट्टीसाठी असतो, त्यावर मालकी ठरत नाही.

‘पण उताऱ्यावर आमच्याच आजोबांचं नाव आहे,’ असं कुणी म्हणेल. त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ आहे का, ते आधी बघा. ती एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरची खूण. आजोबांचं नाव लागलं ते सगळ्या कुटुंबाच्या वतीने. शिवाय १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अशी नोंद खरी मानली जाते ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. म्हणून खरेदीखत, वाटणीपत्र शोधायलाच हवं. ते मोडीत आहे, वाचता येत नाही, म्हणून रद्दीत घालू नका. मोडी वाचणारे आजही भेटतात.