उरलेला परवाना

प्रवेशाच्या दिवसांत नोटीस बोर्डापुढच्या गर्दीत टाचा उंचावून ज्याने स्वतःचे नाव शोधले आहे, त्याला हा लेख समजायला जड जाणार नाही. पहिली यादी लागते, दुसरी लागते, आणि दोन्हींत नाव नसलेला मनुष्य 'रिक्त जागा' या दोन शब्दांकडे डोळे लावून बसतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात असेच डोळे लावून बसणारे लोक आहेत. फक्त त्यांना प्रवेश हवा असतो तो जंगलात, शिकारीसाठी.

माझा आतेभाऊ तिकडे डेन्व्हरला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याला हा नाद लागला. (आत्याला अजून कोणी सांगितलेले नाही. हा अंक तिच्या हाती पडणार नाही अशी आशा आहे.) त्याच्याशी झालेले बोलणे आणि नंतर कुतूहलाने केलेले वाचन, एवढ्या भांडवलावर हे लिहीत आहे.

त्याला हवे होते एल्क. हे आपल्या काश्मीरच्या हंगुलाचे भाऊबंद. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकारीमुळे कोलोरॅडोत हा प्राणी जवळजवळ संपला होता. मग वायोमिंगमधून कळप आणून सोडले, शिकार बंद ठेवली, आणि आज तिथे अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीची दारे लावून घेतली. तिकडे दार उघडे ठेवले, पण दारावर मोजणारा माणूस बसवला. राज्याचे वन्यजीव खाते दरवर्षी प्रत्येक विभागातील जनावरांचा अंदाज घेते, किती मारू द्यायची ते ठरवते आणि त्या हिशेबाने परवाने काढते. परवान्यासोबत एक चिठ्ठी मिळते, तिला 'टॅग' म्हणतात. जनावर पडताच ती त्याला अडकवायची. एक टॅग, एक जनावर. मांस वाया घालवणे हासुद्धा गुन्हा.

मागणारे फार, परवाने थोडे, म्हणून सोडत. अर्ज एप्रिलच्या आरंभापर्यंत करायचा. नंबर लागला नाही तर एक गुण खात्यात जमा होतो, आणि पुढल्या वर्षी ज्याचे गुण जास्त त्याचा हक्क आधी. काही नामांकित विभागांसाठी लोक वीस-वीस वर्षे गुण साठवतात! नवख्याजवळ शून्य गुण. तो या रांगेत उभा राहिला तर पहिली शिकार करीपर्यंत त्याचे केस पांढरे व्हायचे.

त्याची वाट निराळी आहे. पहिल्या सोडतीत जे उरते त्याची जूनमध्ये दुसरी सोडत होते. तिच्यात गुण मोजत नाहीत, फक्त लहान वयाच्या शिकाऱ्यांना अग्रक्रम असतो. त्यातूनही जे उरते त्याची यादी लागते, आणि ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी सकाळी ९ वाजता विक्री सुरू होते. जो आधी येईल त्याचा परवाना. त्यापूर्वी शिकारी-शिक्षणाचा वर्ग पुरा करून दाखला घ्यावा लागतो. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हा नियम लागू आहे. पुष्कळ नवखे नेमके इथेच अडतात. यादी समोर असते, पैसे तयार असतात, आणि दाखला नसतो.

पण खरी मेख पुढे आहे. जे उरले, ते का उरले? बाजारात संध्याकाळी उरलेली भाजी घेताना आपण जुडी उलटीपालटी करून पाहतो, तसे इथे पाहावे लागते. उरलेले परवाने बहुधा मादीचे असतात. यात वाईट काही नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून कळपाची संख्या आवरायची तर माद्याच कमी कराव्या लागतात, आणि खाते मादीचे परवाने सढळ हाताने काढते. शिंगे भिंतीवर लावण्याची हौस असलेले तिकडे वळत नाहीत, एवढेच. नवख्याचे त्यात साधते. कधी विभागात जनावरेच विरळ असतात. आणि कधी जमीनच आड येते.

प्रत्येक परवान्याला एक सांकेतिक क्रमांक असतो. समजा, 'ई-एफ-०५४-ओ२-आर'. ई म्हणजे एल्क, एफ म्हणजे मादी, ०५४ हा विभाग, ओ२ म्हणजे रायफलीचा दुसरा हंगाम आणि आर म्हणजे रायफल. आता 'ओ'च्या जागी 'पी' असेल, तर तो परवाना फक्त खाजगी जमिनीवर चालतो. सरकारी जंगल शेजारी पसरलेले असले तरी तिथे बार काढता येत नाही. आणि खाजगी जमिनीवर, कुंपण असो वा नसो, मालकाच्या परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही.

आमच्या बंधुराजांनी नऊ वाजून काही मिनिटांनी घाईघाईत घेतला तो 'पी'चा परवाना. नकाशा त्यांनी रात्री उघडला.

मग दोन महिने त्याने काय केले? दर शनिवारी गाडी काढून त्या विभागातल्या गुराख्या-शेतकऱ्यांची दारे ठोठावली. बहुतेकांनी नाही म्हटले. काहींनी दारही उघडले नाही. नोकरीसाठी अर्ज घेऊन फिरताना वाटले नव्हते इतके लाजिरवाणे वाटले, असे तो म्हणाला. शेवटी एक म्हातारा शेतकरी भेटला. हिवाळ्यासाठी रचलेल्या गवताच्या गंज्या एल्कचे कळप रात्रीतून फस्त करीत. राज्य त्याची भरपाई देते, पण भरपाईने गवत परत येत नाही, असे त्याचे म्हणणे. रानडुकरांनी भुईमूग उकरलेला पाहिलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे भाषांतर न करता कळेल. म्हाताऱ्याने अटी घातल्या : फाटके मिटायची, गुरे असतील त्या बाजूला बंदूक रोखायची नाही, आणि मादीच मारायची. तिसरी अट कागदावर होतीच.

हंगामात तो तीन दिवस नारिंगी जाकीट घालून गंजीच्या आडोशाला थंडीत बसला. कळप आला तो दुसऱ्या रात्री, काळोख पडल्यावर, जेव्हा कायद्याने गोळी झाडता येत नाही. सकाळी बर्फावर खुरांचे ठसे तेवढे होते. टॅग कोराच राहिला. निघताना म्हाताऱ्याने कॉफी पाजली आणि पुढल्या वर्षी येण्यापूर्वी फोन कर, असे सांगितले.

यंदा त्याने एप्रिलमध्येच नकाशा भिंतीवर लावला आहे, आणि ऑगस्टच्या त्या मंगळवारची रजा आतापासूनच मागून ठेवली आहे.