राउटरची तटबंदी व तिच्यांतील दरवाजे

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत म्हातारे आईबाप गांवीं व मुलें मुंबईस, अशीं घरें पुष्कळ. अलीकडे अशा घरांच्या पडवींत लहानसा कॅमेरा बसवितात. घरांतल्या घरांत त्याचें चित्र मोबाइलवर उत्तम दिसतें. परंतु मुंबईच्या मुलानें तोच पत्ता घालून पाहूं म्हटलें तर कांहींच दिसत नाहीं. दोष कॅमेऱ्याचा नव्हे. वाटेंत राउटर उभा आहे, आणि तो आपलें काम चोख बजावीत आहे.

घरांतील यंत्रांस बहुधा १९२.१६८ या अंकांनीं सुरू होणारे पत्ते मिळतात. ते केवळ घरापुरते; शेजाऱ्याकडेहि तेच असूं शकतात. बाहेरच्या जगास दिसतो तो राउटरचा एकच पत्ता. आंतील यंत्रानें बाहेर कांहीं विचारलें कीं राउटर तें जणूं वहींत टिपून ठेवतो, व उत्तर आलें म्हणजे ज्याचें त्यास पोंचवितो. वहींत नोंद नसलेला, न बोलावलेला निरोप तो दारांतच टाकून देतो. या पहाऱ्यास फायरवॉल म्हणतात. रत्नदुर्गास तीन बाजूंनीं तरी समुद्र आहे; राउटरला तेवढाहि आधार नाहीं!

प्रत्येक पत्त्यास ६५,५३५ क्रमांकांपर्यंतचीं दारें कल्पिलेलीं आहेत. त्यांस पोर्ट म्हणतात. कॅमेऱ्याचें चित्र पुष्कळदां ५५४ क्रमांकाच्या दारानें जातें. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे राउटरला दिलेला कायमचा हुकूम: बाहेरून ५५४ वर जो कोणी येईल, त्यास कॅमेऱ्याकडे धाड. मुलाला चित्र दिसूं लागतें, घरांत आनंद होतो. पण त्या हुकमांत मुलाचें नांव कोठें आहे? तेथें 'जो कोणी' असेंच म्हटलें आहे. आतां राखण करावयाची ती एकट्या कॅमेऱ्याच्या पासवर्डानें. आणि तो दुकानांतून आला तसाच असेल तर राखण उरलीच नाहीं.

आमचें आडगांवचें घर कोणास ठाऊक, असें कित्येक पालक म्हणतील. मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, चार अंकगटांचे जगांतील सर्व सार्वजनिक पत्ते, एका पोर्टापुरते, एकच संगणक ४५ मिनिटांच्या आंत ठोठावूं शकतो. ठोठावणाऱ्यास गांवाचें नांव लागत नाहीं. २०१६ मध्यें 'मिराई' नांवाच्या घातकी प्रोग्रामनें मूळचेच पासवर्ड लावून लाखों कॅमेरे व तत्सम यंत्रें बळकाविलीं. २१ ऑक्टोबर रोजीं अशाच यंत्रांकरवीं झालेल्या हल्ल्यानें ट्विटरसारखीं मोठीं स्थळें कित्येक तास अडखळलीं. कॅमेऱ्यांच्या मालकांस बहुधा त्याची गंधवार्ताहि नव्हती.

मग मुलानें आईबापांस पाहूंच नये काय? अवश्य पाहावें. व्ही.पी.एन. नांवाची सोय किल्ली असलेल्यासच आंत घेते. ती राउटरमध्यें मिळत असेल तर तीच बरी. यू.पी.एन.पी. ही दुसरी सोय मात्र बंद ठेवावी, कारण तिच्यामुळें आंतील यंत्र घरधन्यास न विचारतां स्वतःच दार उघडवून घेतें. सुटींत मुलांनीं वडिलांसमवेत राउटरचें पान उघडून पोर्ट फॉरवर्डिंगची यादी पाहावी. कॅमेरा मोडीत गेला तरी त्याचें दार पुष्कळदां उघडेंच राहिलेलें असतें.