प्रबोधनकाळातला देव आणि निसर्ग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘प्रबोधन’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अंधश्रद्धेवर कोरडे ओढणारा सुधारक उभा राहतो. युरोपीय प्रबोधनकाळातल्या, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या इटालियन तत्त्वज्ञांनाही आपण त्याच साच्यात बसवतो आणि तिथेच गफलत होते.

गैरसमज: हे तत्त्वज्ञ धर्म सोडून निसर्गाकडे वळले.

वस्तुस्थिती: प्लेटोचे संवाद लॅटिनमध्ये आणणारा फ्लॉरेन्सचा मार्सिलिओ फिचिनो १४७३ मध्ये धर्मगुरू झाला. प्लेटोची वाट ख्रिस्ताकडेच जाते, ही त्याची मनापासूनची धारणा होती. २३ वर्षांच्या पिको देल्ला मिरांदोलाने १४८६ मध्ये ९०० प्रमेये जाहीर वादासाठी मांडली. ग्रीक, अरबी, ज्यू अशा सगळ्या परंपरांत एकाच सत्याचे अंश आहेत, हे त्याला दाखवायचे होते. पोपच्या समितीने त्यांतल्या १३ प्रमेयांवर ठपका ठेवला आणि तो वाद झालाच नाही.

गैरसमज: त्यांनी जादू आणि ज्योतिष मोडीत काढले.

वस्तुस्थिती: फिचिनोचा १४८९ चा ‘दे व्हिता’ हा ग्रंथ उघडून पाहा. अभ्यासाने खंगलेल्या, उदास झालेल्या विद्वानांना तो सूर्याचे बळ मिळवण्याचा मार्ग सांगतो. सोने, केशर, मध, दालचिनी या सूर्याच्या वस्तू जवळ करा, असे तो म्हणतो. आज हे विचित्र वाटते, पण त्यामागे एक सुसंगत विचार होता. सारे विश्व सजीव आहे आणि एकच विश्वात्मा तारे, वनस्पती व माणूस यांना जोडतो, असे तो मानत होता. ही ‘नैसर्गिक जादू’ म्हणजे त्याच्या दृष्टीने निसर्गाचे गुण ओळखून वापरण्याची विद्या होती.

गैरसमज: धर्मसत्तेपुढे शंका काढली की शिक्षा ठरलेलीच.

वस्तुस्थिती: आत्म्याचे अमरत्व केवळ बुद्धीने सिद्ध होत नाही, ते श्रद्धेनेच स्वीकारावे लागते, असे पिएत्रो पोम्पोनाझ्झी या तत्त्वज्ञाने १५१६ मध्ये लिहिले. व्हेनिसमध्ये त्याचे पुस्तक जाळले गेले. तो स्वतः मात्र १५२५ मध्ये मरेपर्यंत बोलोन्याच्या विद्यापीठात शिकवत राहिला.

गैरसमज: पृथ्वी फिरते म्हटल्यामुळे जोर्दानो ब्रूनो या तत्त्वज्ञाला जाळले.

वस्तुस्थिती: पृथ्वी फिरते असे मांडणाऱ्या कोपर्निकसच्या ग्रंथावर रोमने बंदी घातली ती १६१६ मध्ये. ब्रूनोला त्याआधीच, १७ फेब्रुवारी १६०० रोजी, रोमच्या काम्पो दे फ्योरी चौकात जिवंत जाळले होते. त्याच्यावरच्या आरोपांत त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि ख्रिस्ताचे देवत्व नाकारणे हे मुद्दे होते, तसेच अगणित जगांचा सिद्धांतही होता. एखाद्याला विचारांसाठी जाळणे हा अन्यायच, मग आरोप कोणताही असो. पण ब्रूनोला केवळ खगोलशास्त्राचा हुतात्मा ठरवले, तर त्याचा खरा विचार हातून निसटतो.

१५८४ मध्ये, दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वीच, त्याने विश्व अनंत असल्याचे लिहिले. त्याचा एक मुख्य आधार असा: देव अनंत आहे, मग त्याची निर्मिती सान्त कशी असेल? आकाशाची भिंत फोडणारा हा युक्तिवाद थेट देवाच्या कल्पनेतूनच निघाला होता.